उजवा कान

खाण बंद पडल्यावर बाबा दिवसभर सोप्यावर बसून मोबाइलवर भजनं ऐकत. आवाज एवढा मोठा की शेजारीण खिडकी लावून घ्यायची. सिंधुदुर्गातून डिचोलीला खाणीवर आलेला माणूस. वर्षानुवर्षं क्रशरजवळ उभं राहून त्यांचा एक कान गेला होता. डावा, असं मी धरून चाललो होतो. जेवताना मी लहानपणापासून त्यांच्या उजवीकडे बसायचो आणि मी काही बोललो की ते मान हलवायचे. म्हणजे उजवा चांगला.

एका रविवारी धारगळच्या माझ्या बिऱ्हाडाहून त्यांच्याकडे जाताना मी हेडफोन घेऊन गेलो. त्या भजनांत गळा एका बाजूला वाजायचा, पखवाज दुसऱ्या. एका कानाच्या माणसाला अर्धंच मिळणार. म्हणून मी डाव्या कपातला स्पीकर काढून तिथे स्पंज भरला आणि दोन्ही बाजूंच्या तारा उजव्या कपात आणून सोल्डर केल्या. स्वतः ऐकून पाहिलं, मग माझ्याच हातांनी त्यांच्या डोक्यावर चढवला.

"येता ऐकाक?"

"येता, येता. बरा येता."

भजन चालू होतं, पण मांडीवरचं त्यांचं बोट हलत नव्हतं. एरवी त्या बोटाचा ताल कधी चुकत नसे. मी ते पाहिलं. पण मला निघायचं होतं.

पुढच्या खेपेला पाहतो तर त्यांनी हेडफोन उलटा घातलेला. वायर खुर्चीच्या हातात अडकलेली, कानाची पाळी दाबून लाल झालेली.

"बाबा, उलटो घातलंस मरे!"

"असांदे रे. माका असोच बरो बसता."

मी हसलो. बायकोलाही सांगून हसवलं.

बाबा गेल्यावर महिन्याभराने त्यांच्या वस्तू आवरताना मी तो हेडफोन सरळ करून कानाला लावला. आई पाहत होती. म्हणाली, "एक विचारू? त्येंच्या मेलेल्या कानात कित्याक वाजवलंस रे?"

"मेलेलो तो डावो मगे?"

"उजवो. तू शाळेत होतंस तेव्हाच गेलो. तुका ठावक नाय?"

मला ठाऊक नव्हतं, हे खरं आहे. पण ते पूर्ण खरं नाही, आणि हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

धारगळला वेगळं बिऱ्हाड करायचं ठरवलं, तेव्हा मी ते बाबांना जेवताना सांगितलं. नेहमीच्या जागी बसून, उजवीकडून, मान खाली घालून. त्यांनी मान हलवली. बाबांना विचारूनच वेगळा झालो, असं मी सगळ्यांना सांगत आलो. समोर बसलेली आई मात्र ताट तसंच टाकून आत गेली. तिला ऐकू आलं होतं.

तेव्हा बाबांनी पूर्ण माझ्याकडे वळून विचारलं, "ती खंय गेली रे अशी?"

त्याच क्षणी मला कळलं, त्यांना काहीच ऐकू आलेलं नाही. पुन्हा सांगता आलं असतं. तोंड समोर होतं, मोठ्याने बोलता आलं असतं.

"मीठ आणूक," मी म्हणालो.

ते समजल्यासारखी मान हलवून आईची वाट पाहत थांबले, भातात हात तसाच ठेवून.