पहिल्या नंबरावर कुठलं कॉलेज? डोळखांबहून माळशेजच्या वर, ऐन लावणीत

भातलावणीच्या दिवसांत घरातल्या दोन बायका फिरायला निघाल्या, तर गाव जे म्हणायचं ते म्हणतंच. शेजारची गंगू शेतातूनच ओरडली, "काय गो, सहलीला चाललीस?"

मी म्हटलं, "स्थळ बघायला."

तिने माझ्या नातीकडे, निकिताकडे बघितलं आणि चिखलाचा हात तसाच तोंडावर ठेवला. तिला फार वेळ तसं ठेवणं बरं दिसेना, म्हणून सांगितलं, "मुलाचं नाय गो, कॉलेजचं."

झालं होतं असं. निकिताला बारावीनंतरच्या सीईटीत शहाण्णवच्या वर पर्सेंटाईल पडले. शंभरात शहाण्णव म्हणजे पोरगी जिंकली, असं मी गावभर सांगून आले. मग कळलं की तिच्या पुढेही हजारो पोरं उभी आहेत. इंजिनिअरिंगला जायचं तर फॉर्ममध्ये कॉलेजांची यादी द्यावी लागते, पहिलं कुठलं, दुसरं कुठलं, असे नंबर टाकून. आमच्या यादीत तीन कॉलेजं होती. पहिल्या नंबरावर शहापूरजवळ हायवेलगतचं खासगी कॉलेज, कॉम्प्युटर शाखा. दुसरं कल्याणकडचं, तेही कॉम्प्युटर. तिसरं घाटावरचं मोठं सरकारी, सिव्हिल शाखा. नाव लिहीत नाही, लोक उगाच आपापल्या कॉलेजावरून भांडतात.

हा क्रम माझा. माझा मुलगा दिनकर पडघ्याकडे गोडाऊनला कामाला आहे. त्याने मला विचारलं, "आये, तुला काय वाटतं?" मी मागणीचा कायदा सांगितला. आमच्यात मुलीसाठी आधी लांबच्या मोठ्या घरी विचारलं आणि तिथून नकार आला, तर जवळचं घर म्हणतं, तिथं नाकारलं म्हणून आमच्याकडे आलात काय? मग तेही हातचं जातं. म्हणून जवळच्याला पहिला मान द्यायचा. दिनकरला पटलं. निकिता काही बोलली नाही. ती बोलली नाही हे मला रात्रभर टोचलं. सकाळी मी म्हटलं, "घर बघितल्याशिवाय पोरगी देतात काय? चल, बघून येऊ." फॉर्म पक्का करायला तीन दिवस उरले होते. सुनेने कपाळाला हात लावला आणि डब्यात नाचणीच्या भाकऱ्या भरल्या.

पहिला दिवस. डोळखांबहून शहापूरला एसटी. पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट आणि बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे आम्ही दोघी मिळून अर्ध्या माणसाच्या पैशात फिरलो. आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा, पिशवीच्या तळाशी ठेवलंत तर कंडक्टर तुमच्यापेक्षा आधी म्हातारा होतो. रस्ता खड्ड्यांचा, पण दोन्ही बाजूंना भातखाचरं पाण्याने भरलेली आणि बायका वाकून ओळी लावताहेत. ते बघत बसलं की हाडं दुखत नाहीत. दुखतात, पण लक्ष जात नाही.

शहापूरहून रिक्षाने हायवेलगतचं कॉलेज. इमारत चकाचक, फरशीत तोंड दिसतं. प्रवेशाच्या टेबलावरचा मुलगा फार गोड बोलला. चहा दिला. "आजी, आम्हाला पहिला नंबर द्या, सीट पक्की समजा. रोज घरून ये-जा, हॉस्टेलचा खर्च नाही."

मी विचारलं, "डोळखांबची शेवटची गाडी चुकली तर पोर कुठं राहील?"

तो हसला. "तसं होत नाही सहसा."

सहसा हा शब्द मी लक्षात ठेवला. प्रयोगशाळेत कॉम्प्युटरच्या रांगा होत्या, थंडगार हवा होती. काही वाईट नव्हतं. निकिताने सगळं नीट बघितलं, जसं दुसऱ्याच्या घरचं कपाट बघतात तसं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"चांगलंय."

"चांगलं म्हणजे घ्यायचं चांगलं, की पाहुण्यांना सांगायचं चांगलं?"

"आजी, गाडी सुटेल."

शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत मुरबाड. वाटेत किन्हवलीला वडापाव खाल्ला, मिरची तिखट होती, सांगून ठेवते. मुरबाडला माझी भाची शोभा राहते. तिची मुलगी ऋतुजा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कल्याणला रोज जाते. शोभाने भात आणि सुकटीची चटणी वाढली. ऋतुजाने निकिताचा मोबाईल घेतला, यादी बघितली आणि घास हातातच ठेवला.

"हे पहिल्या नंबरावर कोणी टाकलं?"

शोभा म्हणाली, "मावशीनंच टाकलं असेल. आमच्या लग्नाचे नंबरपण तिनंच लावले होते."

"का गो, काय चुकलं?" मी विचारलं.

ऋतुजाने सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण तुमच्याही घरी कोणी माझ्यासारखी शहाणी असेल. प्रवेशाचं यंत्र यादी वरून खाली बघतं. पहिलं कॉलेज तुमच्या मार्कांत बसत असेल तर तेच देतं, खालची दोन उघडूनही बघत नाही. आणि पहिल्या नंबराचं मिळालं की ते घ्यावंच लागतं, पुढच्या राऊंडला बसता येत नाही. हायवेवालं निकिताला नक्की मिळणार होतं. म्हणजे घाटावरचं कॉलेज आम्ही मागितलंही नव्हतं आणि नाकारलेही गेलो होतो.

"पण मोठं वर लिहिलं नि ते नाय मिळालं, तर जवळचं रुसणार नाय?"

"कोण रुसणार, आजी? तुम्ही त्यांना कितवा नंबर दिलाय ते बघून कॉलेज सीट देत नाही. मार्क बसले की मिळते. ते तिसऱ्या नंबरावर असलं तरी."

म्हणजे माझ्या मागणीच्या कायद्याला तिथे कोणी विचारत नव्हतं. सत्तर वर्षं वापरलेली अक्कल एका जेवणात बाद झाली. मी भात संपवला, कारण भाताचा दोष नव्हता.

ऋतुजाने एक वाईट गोष्टही सांगितली. घाटावरच्या कॉलेजात सिव्हिललासुद्धा मागच्या वर्षी जिथे यादी थांबली, ती जागा निकिताच्या मार्कांच्या किंचित वर होती. मिळेल असं नाही, मिळणार नाही असंही नाही. "टाकायचंच. टाकायला पैसे पडत नाहीत," ती म्हणाली. "खर्च मिळाल्यावरचा आहे."

दुसरा दिवस. कल्याणकडचं ऋतुजाकडून ऐकलं होतं, आता घाट चढायचा. पहाटे मुरबाडहून गाडी. टोकावडे गेलं की डोंगर अंगावर येतात. माळशेजला धुकं इतकं की ड्रायव्हरपण अंदाजाने चालला असावा. धबधब्याखाली शहरातली पोरं कपड्यांसकट भिजत होती. आमच्याकडे चार महिने कोणी मुद्दाम भिजत नाही. मागच्या सीटवरच्या बाईने विचारलं, "फिरायला का?" मी म्हटलं, "हो, पोर फिरवायला." कणसं तीस रुपयाला एक. न घेता पुढे गेलात तरी चालेल, वरती ओतूरकडे स्वस्त मिळतात.

घाट संपला आणि जमीन सपाट झाली. मी जन्मात पहिल्यांदा घाटावर आले होते. शेतात भात नाही, हे बघून चुकल्यासारखं वाटलं.

दोन गाड्या बदलून पाच-साडेपाच तासांनी कॉलेजला पोचलो. जुनी दगडी इमारत, मोठी झाडं. इथे चहा कोणी दिला नाही. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "माहिती वेबसाईटवर आहे." मी म्हटलं, "मला वेबसाईट वाचता येत नाय, तुमाला विचारता येतं." त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि मग नीट सांगितलं. मुलींची शिकवणीची फी उत्पन्नाच्या दाखल्यावर माफ होते. बाकीच्या किरकोळ फिया, हॉस्टेल आणि जेवण आपलं. हॉस्टेल सगळ्यांना मिळत नाही, मार्कांवर लागतं.

मी मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये गेले. घर बघायचं तर चूल बघावी. तिथल्या बाई पोळ्या लाटत होत्या. विचारलं, "उन्हाळ्यात पाणी असतं?"

"टाकी आहे. एखाद दिवस बोंब होते."

"आणि हॉस्टेल नाय मिळालं तर पोरी कुठं राहतात?"

"मागच्या गल्लीत खोल्या आहेत, तिघी-चौघी मिळून घेतात. डबा महिन्याला साडेतीन-चार हजार. भाडं वेगळं." मग त्यांनी मला वरून खाली बघितलं. "तुमी कुठल्या?"

"शहापूरकडच्या, डोळखांब."

"तिकडं तर मोठाली धरणं आहेत ना? पाण्याचं काय विचारता?"

"धरण उशाला आहे, बाई. घसा आमचा कोरडा. उन्हाळ्यात टँकर येतो."

परत आले तर निकिता जागेवर नव्हती. शोधलं तर एका शेडच्या दारात उभी. आत तिच्याच वयाची मुलगी काँक्रीटचा ठोकळा यंत्रात ठेवून दाबत होती, किती भार सोसतो ते बघायला. ठोकळा कडाडला, तुकडे पडले, मुलीने आकडा वहीत लिहिला आणि दुसरा ठोकळा ठेवला. निकिता पाच ठोकळे फुटेपर्यंत तिथून हलली नाही. तिने त्या मुलीला काहीतरी विचारलं, त्या मुलीने तिला आत बोलावलं. मी बाहेर कट्ट्यावर बसून भाकरी खाल्ली. कालच्या चकाचक फरशीवर ही पोर एकदाही अशी थांबली नव्हती.

परतीच्या गाडीत विचारलं, "सिव्हिलच का गो? सगळे कॉम्प्युटर बोलतात."

"कॉम्प्युटरवाले पाणी कुठून आणणार?" ती खिडकीबाहेर बघत बोलली.

रात्री मुरबाडला येऊन झोपलो. तिसऱ्या दिवशी शहापूरला उतरलो तर दिनकर अर्धी रजा टाकून सायबरवाल्याच्या दुकानात येऊन बसला होता. फॉर्म त्याच दुपारी पक्का करायचा होता. निकिताने त्याला प्रवेशाच्या यंत्राचं समजावलं. तो ऐकत होता माझ्याकडे बघून.

"आये, तूच बोललीस जवळचं पहिलं."

"बोलले. चुकले. आता घाटावरचं पहिलं, कल्याणचं दुसरं, हायवेवालं तिसरं."

"हॉस्टेल नाय मिळालं तर? खोली, डबा, सगळं मिळून केवढं होतंय."

"हायवेवाल्याचा खर्च तू फक्त एसटीचा धरलास. तिथल्या बाकीच्या फिया मांड. मग दोन्हीतला फरक बघ."

सायबरवाल्याने कागद दिला. दिनकरने मांडलं. फरक होता, पण त्याच्या मनात होता तेवढा मोठा नव्हता. त्याने कागदाची घडी घातली. "पैशाचं नाय गो आये," तो शेवटी हळू बोलला, "पोर लांब जाईल."

माझ्याही मनात तेच होतं. निकिता म्हणाली, "बाबा, मिळेलच असं नाय." सायबरवाला म्हणाला, "काका, साडेतीनला लाईट जाते इथं." दिनकरने मान हलवली. निकिताने नंबर बदलले.

पहिल्या राऊंडला घाटावरचं आलं नाही. दुसऱ्या नंबरचं कल्याणचं आलं. नातेवाईकांनी फोन करून सांगितलं, कॉम्प्युटर आहे, हातचं सोडू नका. पण पहिल्या नंबराचं नसलं की ती सीट धरून पुढच्या राऊंडची वाट बघता येते. चांगलं आलं तर वर जाता येतं, नाही आलं तर धरलेली हातात राहते. आम्ही वाट बघितली. दुसऱ्या राऊंडला घाटावरचं आलं. दिनकरने पेढे वाटले आणि स्वतः एकही खाल्ला नाही.

हॉस्टेल मिळालं नाही. ती मागच्या गल्लीत चौघींच्या खोलीत राहते. हे सगळं मी फोनवर सांगतेय आणि ती तिकडे लिहितेय.

तुम्ही घर बघायला निघालात तर तीन गोष्टी सांगेन. शेवटची गाडी विचारा, चूल बघा, आणि पोर कुठे थांबते ते बघा. यादीत मनातलं वर लिहा, खात्रीचं खाली. चौथी गोष्ट माझ्यापुरती आहे. मागणीची रीत खरी आहे, पण त्या दिवशी मला ती उगाच आठवली नव्हती. मला पोर संध्याकाळी घरी यायला हवी होती. जवळचं पहिलं, हे मी त्यासाठी बोलले.

हे फोनवर सांगून झालं. मी विचारलं, "लिहिलंस काय?"

"लिहिलं. मला माहीत होतं, आजी."

"मग तेव्हाच का नाय बोललीस?"

"बोलणार होते. पण सकाळी तूच बोललीस, चल बघून येऊ. म्हटलं, आधी बघू तू काय करतेस."

म्हणजे मी तीन दिवस कॉलेजं बघत फिरले, आणि ही पोर शेजारच्या सीटवर बसून मला बघत होती.