चार नंबरच्या फॉर्मात बसवलेलं संशोधन

घरात डब्यांची झाकणं साठतात ना, तसे माझ्याकडे किस्से साठलेत. कुठलं झाकण कुठल्या डब्याचं, हे आता मलाही सांगता येत नाही. सात वर्षं झाली, मी लखनौच्या एका युनिव्हर्सिटीत रिसर्च सेक्शनला आहे. म्हणजे संशोधन करत नाही हं! संशोधन करणाऱ्यांचे कागद लावते. माहेर-सासर दोन्ही सोलापूरचं, नवरा रेल्वेत इंजिनिअर, राहायला मानक नगरच्या कॉलनीत. शिक्षण बी.कॉम., आणि टेबलावर एकाच वेळी बेडूक, फारसी कविता, आंब्यावरची कीड आणि 'अभाव म्हणजे काय' हे सगळं. डोकं गरगरेल नाही तर काय!

सगळ्याचं मूळ चार नंबरचा फॉर्म. फार पूर्वी कुणीतरी तो सायन्सवाल्यांसाठी बनवला होता. मग वरून आदेश आला, सगळे विषय समान, सगळ्यांना एकच फॉर्म. रकाने असे: उपकरणं कोणती? नमुना काय? तो किती तापमानात ठेवणार? ज्यांच्यावर संशोधन करणार त्यांची लेखी संमती आहे का? कचऱ्याची विल्हेवाट कशी लावणार? आणि कॉम्प्युटर असा हट्टी, की एक रकाना रिकामा राहिला तरी फॉर्म घेत नाही. 'लागू नाही' लिहिलं तरी घेत नाही.

भरलेला फॉर्म समितीकडे जातो. अध्यक्ष केमिस्ट्रीचे सक्सेना सर. माणूस सरळ, पण नियम म्हणजे नियम. फॉर्म दोनदा परत येऊ शकतो. तिसऱ्यांदा आला की नोंदणी रद्द, पीएच.डी. संपली!

आमची केतकी याच दोरीला लटकलेली होती. तिचे बाबा मूळचे साताऱ्याचे. एअरफोर्समधून रिटायर झाले आणि इथेच, लखनौबाहेर बख्शी का तालाब म्हणून गाव आहे, तिथे घर बांधून राहिले. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती मला हिंदीत उत्तर देते, आणि मधे एक 'काकू' तेवढा मराठी. तिचा विषय सोहर. इकडे घरात बाळ जन्मलं की बायका जी गाणी गातात, ती. पोरीने चार वर्षं आसपासची गावं पालथी घातली, वह्या भरल्या, आणि आता चार नंबर मंजूर झाल्याशिवाय थीसिस जमा होईना.

'नमुना किती तापमानात ठेवणार?' या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'बायकांच्या गळ्यात. शरीराचं असतं तेवढंच.'

समितीचा शेरा आला: 'थर्मामीटरच्या नोंदी जोडाव्यात.'

"काकू, ये लोग सीरियस हैं?"

"अगं, मला काय विचारतेस? मी बी.कॉम. आहे!"

* * *

त्या दिवसांत केतकी माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून फॉर्म पुन्हा भरायची, आणि तिच्या डोळ्यांदेखत बाकीच्यांचे फॉर्म जायचे. फिलॉसॉफीचे पांडेजी आले. विषय अभाव. जे नाही, ते 'नाही' असं आपल्याला कसं कळतं, यावर अकरा वर्षं काम चालू आहे. त्यांनी फॉर्म तिथेच उभ्या उभ्या भरला. उपकरण: खुर्ची. तापमान: पंखा चालू असेल तर बरं. कचरा: असल्यास समितीने ओळखावा.

मी म्हटलं, झालं, आता हे गेले बाराच्या भावात! आठवड्याने फॉर्म परत आला. कचऱ्याबद्दल अवाक्षर नाही. एवढंच लिहिलेलं, 'खुर्चीची तीन कोटेशन्स जोडावीत.'

पांडेजींनी जोडली. नवीन खुर्ची मिळाली. अजून ते म्हणतात, जुन्या खुर्चीत अभाव जास्त चांगला सुचायचा.

* * *

मलिहाबादच्या आमराईतला किस्सा तर मी कॉलनीतल्या हळदीकुंकवालाही सांगितलाय. बॉटनीचा एक विद्यार्थी आंब्याच्या मोहोरावरची कीड मोजायला तीन दिवस एका झाडाखाली बसून होता. डोक्याला गमछा, अंगावर धूळ, दाढी वाढलेली. त्याच आमराईत सोशिऑलॉजीच्या मॅडम हंगामी मजुरांच्या मुलाखती घेत फिरत होत्या. त्यांनी याला गाठलं. याला वाटलं, या समितीकडून तपासणीला आल्या.

"काम के घंटे?"

"जी, कोई हिसाब नहीं."

"काम कब ख़त्म होगा?"

"पता नहीं, मैडम."

"मालिक का व्यवहार कैसा है?"

"मिलते ही नहीं. फ़ोन भी नहीं उठाते."

"घरवाले क्या कहते हैं?"

"कहते हैं, छोड़ दे, गाँव आ जा."

मॅडमना भरून आलं. त्यांनी त्याला आपल्या डब्यातली पुरी-भाजी दिली आणि वहीत 'अत्यंत शोषित' या गटात त्याची नोंद केली. पुढे खरं काय ते कळल्यावर मी विचारलं, "मग ती नोंद काढणार ना?"

मॅडम वही मिटत म्हणाल्या, "क्यों निकालूँ? झूठ क्या है उसमें?"

* * *

फिजिक्सवाल्यांनी मात्र मला रडकुंडीला आणलं. वार्षिक अहवालात प्रत्येकाच्या कामाबद्दल दोन ओळी मी लिहायच्या असतात. एका सरांच्या टीमने कसलासा कण सहा वर्षं शोधला, सापडला नाही. मी आपलं सरळ मनाने लिहिलं, 'प्रयत्न अयशस्वी.'

सर तरातरा आले. "मैडम, ये क्या लिख दिया? इतनी सफ़ाई से आज तक किसी को 'नहीं' मिला है?"

मी घाबरून 'न सापडण्यात उल्लेखनीय यश' असं केलं. सर खूश! त्याच दुपारी हिस्ट्रीच्या बाई आल्या. त्यांचं एक जुनं फर्मान सापडत नव्हतं. मी म्हटलं, "काळजी करू नका, यश लिहिते." त्या जवळजवळ रडायलाच लागल्या. चार वर्षं फुकट गेली म्हणाल्या. आता सांगा, एकाच गोष्टीचा एका मजल्यावर पेढा आणि दुसऱ्या मजल्यावर सुतक! घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो जेवता जेवता म्हणाला, "आमच्याकडे इंजिनाचा बोल्ट सापडला नाही, तर मी फिजिक्स म्हणू का हिस्ट्री?"

* * *

फारसीचे रिज़वी साहब म्हणजे खास लखनौचे. माझ्या टेबलापर्यंत यायचं तर दारातच तीनदा 'इजाज़त है?' विचारणार. त्यांचा विषय एक जुना शायर. जाऊन दोनशे वर्षं झालेली. फॉर्म परत आला: 'ज्या व्यक्तीवर संशोधन आहे, तिची लेखी संमती नाही.'

मी सक्सेना सरांना सांगून पाहिलं, "सर, वो गुज़र चुके हैं." सर म्हणाले, "तो लिखकर दें कि संपर्क किया गया." नियम तसाच होता म्हणे. संपर्क केल्याचा पुरावा हवा.

रिज़वी साहब रागावले नाहीत. सुंदर अक्षरात निवेदन घेऊन आले. लिहिलं होतं, 'नाचीज़ तीन जुमेरात को मज़ार पर हाज़िर हुआ, फूल पेश किए और अपना इरादा अर्ज़ किया. हज़रत ने इनकार नहीं फ़रमाया.'

मंजूर झालं! केतकी स्टुलावरून बघत होती. हसता हसता तिचा चेहरा एकदम उतरला. "काकू, मरे हुए आदमी का हो गया. मेरी तो सब ज़िंदा हैं." मला खरंच वाईट वाटलं. तिला चहा पाजला, आणखी काय करणार?

* * *

आणि तिचा फॉर्म दुसऱ्यांदा परत आला. थर्मामीटरच्या नोंदी तिने चक्क जोडल्या होत्या, एकवीस बायकांच्या. या वेळचा शेरा: 'नमुन्याचे स्वरूप स्पष्ट होत नाही. समितीसमोर सादर करावा.' हीच शेवटची संधी होती.

बैठकीच्या दिवशी केतकी स्कूटरवर मागे बसवून रामकली अम्माला घेऊन आली. शेजारच्या गावची, ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली. तिला सगळ्यात जास्त सोहर येतात. मी मिनिट्स लिहायला कोपऱ्यात होते. समितीचे सात जण, समोर बिस्किटं. अम्माने खुर्ची नाकारली आणि खाली सतरंजीवर बसली.

सक्सेना सर म्हणाले, "सुनाइए."

अम्माने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "केहिके लरिका भवा है?"

कुणाला कळेना. केतकीने सांगितलं, "पूछ रही हैं, किसके यहाँ बच्चा हुआ है. बिना बच्चा हुए सोहर नहीं गातीं." मग मला हळूच म्हणाली, "काकू, ये तो मैंने सोचा ही नहीं!" चार वर्षं ती जिथे जिथे गेली, तिथे बाळ आधीच जन्मलेलं असायचं.

समितीत चुळबुळ झाली. झूऑलॉजीचे सर उत्साहाने म्हणाले, "मेरे भतीजे के यहाँ जून में होने वाला है."

"तौ जून मा बुलायो," म्हणत अम्मा गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली. मी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, गेली पोरीची चार वर्षं.

सक्सेना सरांनी चष्मा काढून पुसला. "हमारी बेटी को हुई है. मंगल को. पुणे में."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांचं सगळं वेळापत्रक मी ठेवते, मलाही पत्ता नव्हता! स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमनी विचारलं, "सर, आप गए नहीं?"

"मीटिंग थी," सर म्हणाले. मग अम्माकडे वळून जरा चाचरत, "लेकिन लड़की हुई है. सोहर तो लड़के का होता है न?"

"गावै वाली हम हन कि तुम?" अम्मा परत बसली.

आणि तिने गायलं. मला निम्मे शब्द कळले नाहीत. आवाज फाटलेला, मधे खोकला. पण कुणी बिस्किटाला हात लावला नाही. सर खिडकीबाहेर बघत होते.

गाणं संपल्यावर अम्माने गाणारणीच्या हक्काच्या आहेरासाठी तळहात पुढे केला. "नेग."

सरांनी खिसे चाचपून एक नोट काढली. अम्माने त्यांचा हात बाजूला सारला आणि टेबलावरच्या केतकीच्या फॉर्मकडे बोट केलं. "बिटिया का कागज."

"अम्मा, ये समिति का मामला है. ऐसे नहीं होता."

"सर, नेग को मना नहीं करते," स्टॅटिस्टिक्सच्या मॅडम घाईने म्हणाल्या. "गाने वाली जो माँगे, देना पड़ता है. हमारे यहाँ तो बुआ स्कूटर ले गई थीं!"

सरांनी फॉर्म पुढे ओढला, सही केली आणि माझ्याकडे दिला. शेवटचा एक रकाना रिकामा होता: 'मंजुरीचे कारण.' मी म्हटलं, "सर, ख़ाली छोड़ेंगे तो कंप्यूटर नहीं लेगा."

त्यांनी फॉर्म परत घेतला, क्षणभर पेन हवेत धरलं, आणि त्या रकान्यात एकच शब्द लिहिला.

नेग.

मी तसंच टाइप केलं.