चतुर्थी एकाच जागी

प्रोग्राम जुना झाला म्हणून फेकून द्या, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. जुनं म्हणजे काय? आमच्या खाडीचा बांध जुनाच आहे. त्याला खांड पडली की माती टाकून बुजवतात, बांध फेकून देत नाहीत. याच बांधासाठीच्या मोर्चांची पत्रकं लिहून लिहून मी लिहायला शिकले. शिक्षण कॉम्प्युटरचं, पण सगळा जोर पत्रकांत. त्यामुळे त्या उन्हाळ्यात आत्याचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "मोर्चा काढायचा काय?"

"मोर्चा नको गो," आत्या म्हणाली. "प्रोग्राम बघ."

माझी आत्या हमरापूरला गणपती कारखान्यांच्या संस्थेत काम करते. कुठल्या कारखान्याने कुठल्या मूर्ती कधी रंगवून द्यायच्या, कुठल्या पेट्या कधी निघायच्या, या याद्या ती कॉम्प्युटरवर काढते. प्रोग्राम फॉक्सप्रोमधला. ही भाषा एके काळी दुकानं, गोदामं, पतसंस्था सगळीकडे होती. आता नाव काढलं तरी कॉलेजातली मुलं हसतात. आत्या हसत नाही. दसऱ्याला ती मॉनिटरला झेंडू वाहते.

घोटाळा असा झाला होता, की बोटीने परदेशी जाणाऱ्या पेट्यांची तारीख यादीत महिनाभर उशिराची आली. आत्याच्याच लक्षात आलं. "तिकडं विसर्जन झाल्यावर गणपती पोचतील," ती म्हणाली. तिने अध्यक्षांना सांगितलं, आणि अध्यक्षांनी काय करावं? शाबासकी सोडा, शनिवारच्या सभेत ठराव मांडतो म्हणाले: नवं सॉफ्टवेअर, आणि ते चालवायला पेणहून शिकलेली मुलगी. म्हणजे चूक पकडली आत्याने आणि खुर्ची जाणार आत्याचीच. वा रे न्याय!

हमरापूरला जाऊन मी प्रोग्राम उघडला. गणपतीच्या तारखेवरून मागे मोजत सगळ्या याद्या निघतात, हे ठीक. पण चतुर्थीची तारीख प्रत्येक यादीच्या कोडमध्ये वेगळी लिहिलेली. रंगकामाच्या यादीत एकदा, ट्रकच्या यादीत एकदा, बोटीच्या यादीत दोनदा. आदल्या वर्षी अधिक मास होता. तेव्हा 'एक महिना वाढव' ही ओळ सगळीकडे चिकटवलेली, आणि वर्ष सरल्यावर आठवेल तिथून खरवडलेली. बोटीच्या यादीत ती तशीच राहिली होती.

"कुणी लिहिलंय हे?"

"रोह्याचे काका. नागोठण्याच्या कंपनीत होते, रिटायर झाले. दरवर्षी येऊन तेच तारखा बदलतात. देवमाणूस हाय."

"देवमाणसाला भेटायलाच हवं."

दुसऱ्या दिवशी जिते स्टेशनवर रोह्याची गाडी पकडली. पिशवीत कोडची छापील पानं, लाल पेनाने रंगवलेली. त्यावर आत्याने पोह्याच्या पापडांचं पाकीट कोंबलं. "भांडायला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये," म्हणाली.

काका ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. मी पापडांचं पाकीट आणि पानं त्यांच्यापुढे टाकली. त्यांनी चष्मा चढवला, पानं चाळली आणि म्हणाले, "एवढी वर्षं चालतंय ना?"

"चालतंय नाही, तुम्ही चालवताय! उद्या तुम्ही नसलात तर?"

"आत्ताच मारतेस काय?"

आतून काकू हसल्या. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "काका, आमच्याकडे मूर्तीचं नाक वाकडं आलं तर साचा दुरुस्त करतात. निघेल त्या मूर्तीला नवं नाक चिकटवत बसत नाहीत. तुम्ही दरवर्षी नाकं चिकटवताय!"

काकांनी शेंगांची परात बाजूला सारली. "तारखा बदलायला यायचो त्या टायमाला पेट्या निघायची घाई असायची," ते म्हणाले. "नीट करू, नीट करू म्हणता राहून गेलं. पापड तळायला सांग तिला, आणि आत ये."

मग काकांच्या कॉम्प्युटरवर आम्ही साचा केला. चतुर्थीची तारीख सांगणारं एकच फंक्शन, वेगळ्या फाईलमध्ये. ते तारीख वाचणार एका छोट्या टेबलातून, म्हणजे तारखांच्या तक्त्यातून, आणि टेबलात ती पंचांग बघून आत्या भरणार, वर्षातून एकदा. अधिक मासाची भानगडच संपली. तारखेतच तो आला. बाकी सगळ्या याद्यांनी त्या फंक्शनलाच विचारायचं. काकांनी तारखांना एक्स-वन, ए-सेव्हन अशी नावं ठेवली होती, ती बदलून मी 'बोट_तारीख', 'रंग_तारीख' अशी केली, इंग्रजी अक्षरांत पण मराठीच. शेजारी टिपा लिहिल्या: 'तारीख फक्त टेबलात बदला! इतरत्र हात लावाल तर याद राखा!'

"प्रोग्राम हाय की घोषणांची भिंत?" काका म्हणाले. पण टिपा पुसल्या नाहीत. उलट एका ठिकाणी माझं मागे मोजणं चुकलं होतं ते दाखवून मनसोक्त हसले.

शनिवारच्या सभेत आत्याने बोटीची यादी ठेवली. तारखा बरोबर होत्या. अध्यक्षांनी ती खालीवर पाहिली आणि खोट काढली, "हे भादव्याचं झालं. माघी गणपतीचं काय? त्याला परत रोह्याहून माणूस आणायचा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याने माझा हात दाबला. पंचांग उघडलं, टेबलात माघी चतुर्थीची तारीख भरली, बटण दाबलं. रंगकाम, ट्रक, बोट, तिन्ही याद्या सरसर निघाल्या. कोडला कुणी हात लावला नव्हता.

"नवरात्रातली देवी पण निघेल," आत्या म्हणाली. "घालू?"

ठराव मांडलाच गेला नाही. कारखानदारांनी चहा मागवला, आणि मी आत्याच्या बाजूने छापून आणलेली पत्रकं पिशवीतच राहिली.

गेल्या महिन्यात सहज तो प्रोग्राम उघडला. माझ्या टिपेखाली आणखी एक ओळ होती, आत्याच्याच हातची, ते विचारायला नको: 'आत्याला विचारल्याशिवाय टेबलाला पण हात लावू नये.'

कोड असा लिहावा की कुणालाही विचारावं लागू नये, हे मी जाईन तिथे ठासून सांगते. ती ओळ मात्र मी काढलेली नाही.