कुंदानं पुढे केलेला हात

एक चूक आधी कबूल करतो, म्हणजे कुंदाबद्दल मोकळेपणानं लिहिता येईल. तिच्या सगळ्यात गाजलेल्या अभ्यासात मी तिला फसवलं होतं. पवनीला तिची शोकसभा झाली, तेव्हा तिच्याबरोबर शिकवणाऱ्या एका सरांनी पडद्यावर एक फोटो दाखवला. फोटोत पांढरा कोट घातलेली कुंदा आहे, तिचा हात पुढे आहे आणि एक म्हैस मान लांब करून तो हात हुंगते आहे. मागे आसगावातला माझा कोठा, म्हणजे जनावरांचा गोठा, दिसतो. जनावराला माणसाची भीती वाटत नाही असा कोठा कसा असतो, हे डॉक्टर कुंदाताईंनी आपल्याला दाखवलं, असं सर म्हणाले. पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी वळून माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी मान खाली घातली. त्या फोटोच्या उजव्या कोपऱ्यात एक खुंटा रिकामा आहे. तिथे कोण बांधलेलं असायला हवं होतं, हे त्या सभेत मला एकट्याला माहीत होतं. उठून सांगायला हवं होतं. उठलो नाही… म्हणून हे लिहितो आहे.

कुंदा आणि मी पवनीच्या शाळेत एका वर्गात होतो. मी आसगावहून सायकलनं यायचो, ती शाळेजवळच विणकरांच्या मोहल्ल्यात राहायची. तिच्या वडिलांचा हातमाग होता. दारात उभं राहिलं की आतून मागाची खटखट ऐकू यायची आणि ती थांबली की समजायचं, धागा तुटला. त्या घरात जनावर म्हणून एक शेळी तेवढी होती. म्हैस जवळून पाहिली ती तिनं आमच्याकडे. कुठल्याशा सणाला आम्ही वर्गातली पोरं घरी जेवायला बोलावली होती, आणि त्याच दुपारी आमची एक म्हैस व्यायला आली. बाकीचे जेवून खेळायला गेले. कुंदा कोठ्याच्या दारात बसून राहिली. संध्याकाळी तिनं माझ्या आईला विचारलं, "काकू, म्हैस रडते का?" आई म्हणाली, "रडते ना बाई. पन पुसते कोन?" पुढे कधी पशुवैद्यक का झालीस असं कुणी विचारलं, की कुंदा हेच उत्तर सांगायची आणि वर माझ्या आईच्या हातच्या वड्यांची आठवण काढायची.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास तिचं शिक्षण संपलं आणि पहिली नेमणूक त्या नव्या जिल्ह्यात झाली. ती मोटारसायकलवरून गावोगाव जायची, मागे दवाखान्याचा शिपाई बसलेला. गावात गाडी थांबली की लोक तिला ओलांडून शिपायाला नमस्कार करायचे, "या डाक्टरसायेब." शिपाई बिचारा घाबरून तिच्याकडे बोट दाखवायचा. हे ती इतकं रंगवून सांगायची, की माझी बायको हसून हसून डोळे पुसायची. पुढे ती नागपूरला शिकवायला लागली आणि तिचं संशोधन सुरू झालं. पण महिन्या-दोन महिन्यांतून आसगावची फेरी चुकली नाही. आली की आधी घरात नाही, कोठ्यात. तिथूनच ओरडायची, "रमेश, यायले पानी कोन देते बे? का पावसाची वाट पाहून राहिल्या या?"

आज माझ्या कोठ्यात जनावरांसमोर दिवसभर पाणी असतं, ते तिच्यामुळे. त्याआधी आम्ही सकाळ-संध्याकाळ पाणी दाखवायचो आणि जनावराला तेवढंच लागतं असं समजायचो. दावं लांब केलं, तेही तिनं. "तू आखडून झोपून पाह एक रात्र, मंग सांग," म्हणाली. उन्हाळ्यात म्हशींना बोडीच्या, शेतातल्या तळ्याच्या, पाण्यात बसू दे, दूध काढायची घाई करू नको, दुधाचं इंजेक्शन कोठ्याच्या आत येऊ देऊ नको… तिचं सांगणं कधी भाषणासारखं नसे. ती चेष्टा करायची, आणि ती गेली की आम्ही गुपचूप तसं करायचो. आमच्या गल्लीत आता सगळ्यांचीच दावी लांब आहेत. एकदा दिवाळीतल्या गायगोधनाच्या दिवशी ती घरी होती. गावभर गाई रंगवलेल्या, सजवलेल्या. ती म्हणाली, "बैलाचा पोळा हाय, गाईचं गोधन हाय. सगळ्यात जास्त दूध देते ती म्हस, आन् तिच्या नावाचा एक दिवस नाई." त्या संध्याकाळी तिनं माझ्या बायकोकडून कुंकू घेऊन आमच्या म्हशींच्या कपाळाला लावलं. काळ्या कपाळावर कुंकू दिसत नाही, म्हणून मग हळदही लावली.

आता त्या अभ्यासाकडे येतो. सहा-सात वर्षं झाली असतील. जनावर माणसाला किती भितं, हे मोजता येतं, असं कुंदानं मला सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. पद्धत साधी होती. म्हशीच्या समोरून हळूहळू चालत जायचं, हात पुढे, तळवा खाली, नजर तिच्या डोळ्यांत न घालता. ज्या क्षणी ती मान फिरवील किंवा मागे सरकेल, तिथेच थांबायचं आणि हाताचं आणि तिच्या नाकाडाचं अंतर टेपनं मोजायचं. अंतर जितकं जास्त, तितकी त्या कोठ्यात भीती जास्त. कुंदाला दाखवायचं होतं, की म्हशीला निर्भय ठेवायला पक्कं शेड लागत नाही, पैसा लागत नाही, वागणूक लागते. भ्यालेल्या म्हशीच्या अंगात असं काही उसळतं की पान्हा अडतो, म्हणजे धाकदपटशानं दूध वाढत नाही, उलट आटतं, हेही तिला गावागावांत पटवायचं होतं. करडी, सानगडी, आमच्याकडची गावं, असे तिनं बरेच कोठे निवडले. माझा कोठा तर ती गृहीतच धरून होती. "तुया कोठ्यात मले काळजी नाई," म्हणाली.

मला काळजी होती. माझ्याकडे भुरी होती.

भुरी पहिल्या वेताची म्हैस. आदल्या वर्षी तिचं पारडू मेलं, आणि त्यानंतर ती पान्हावेना. गव्हाणीत सरकीची ढेप ठेवली, पाठीवर हात फिरवला, काही केलं तरी आचळ कोरडं. त्या दिवसांत घरात आईचं आजारपण होतं, माझी झोप होत नव्हती. कारण म्हणून हे सांगत नाही, तसं होतं एवढंच. एका सकाळी तिनं लाथ मारून बादली सांडली आणि मी काठी घेतली. पाठीवर मारलं असतं तर एक वेळ… मी समोर जाऊन तोंडावर मारलं. एकदा नाही. बायकोनं हात धरला तेव्हा थांबलो. त्या दिवसापासून कोणाचाही हात समोरून आला, की भुरी दाव्याच्या टोकापर्यंत मागे सरायची आणि डोळे पांढरे करायची. हे मी कुंदाला कधी सांगितलं नव्हतं, आणि ती यायची असली की भुरीला आधीच रानात धाडायचो.

आमच्याकडे मुलगी पाहायला पाहुणे यायचे असले, की घरात एखादा बोलण्याचा भरवसा नसलेला माणूस असतो, त्याला त्या दिवशी कामाच्या निमित्तानं दुसऱ्या गावी धाडतात. मी भुरीचं तेच केलं. कुंदा यायच्या आदल्या संध्याकाळी तिला हाकलत शेजारच्या गावी बहिणीकडे नेऊन बांधली. बहिणीला सांगितलं, कोठ्याची जमीन नीट करतो आहे. एवढ्यावर थांबलो नाही. आधीचा आठवडाभर, कुंदाच्या पांढऱ्या कोटासारखा दिसावा म्हणून, बायकोचा पांढरा दुपट्टा खांद्यावरून घेऊन मी बाकीच्या म्हशींसमोर हात पुढे करून चालत गेलो, आणि प्रत्येक वेळी मुठीत ढेपेचा तुकडा ठेवला. बायको म्हणाली, "काय जी, नाटकात काम भेटलं का?" मी तिला गप्प बसवलं.

कुंदा आली, तिची विद्यार्थिनी अश्विनी टेप घेऊन बरोबर. अर्धं गाव कोठ्याच्या दारात. कुंदा हात पुढे करून पहिल्या म्हशीकडे निघाली तसा शेजारचा म्हातारा म्हणाला, "डाक्टरीनबाई म्हशीले आशीर्वाद देऊन राहिल्या." दुसरा म्हणाला, "नाई बे, हात मागून राहिल्या. कुंडली जुळली दिसते." हसू दाबताना कुंदाचे खांदे हलले, पण हात हलला नाही. आणि म्हैस मागे सरण्याऐवजी मान लांब करून तिची बोटं चाटायला लागली. दुसरीही, तिसरीही. टेप उघडायचं कामच पडलं नाही. कुंदाच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला आजही सहन होत नाही. निघताना तिनं सहज विचारलं, "तो कोपऱ्यातला खुंटा कोनाचा?" मी म्हणालो, "एक वगार होती. विकली." ती "बरं" म्हणाली. माझ्या शब्दावर शंका घ्यायची तिला सवयच नव्हती.

पुढे तिच्या व्याख्यानांत आसगावच्या कोठ्याचं नाव यायला लागलं. दुसऱ्या तालुक्यांतून लोक पाहायला यायचे. म्हणून भुरीला मी कायमचीच घरामागच्या सांदवाडीत, धानाच्या तणसाच्या ढिगाआड बांधली; कुंदा आली तरी ती दिसू नये. लोक मला विचारायचे, तुम्ही कसं केलं? मी सांगायचो. जे सांगायचो त्यातलं बरंचसं खरं होतं, कुंदानंच शिकवलेलं होतं. म्हणून तर ते जास्त टोचायचं.

मग कुंदा आजारी पडली. आजार वाढत गेला. नागपूरच्या दवाखान्यात मी शेवटचा भेटलो तेव्हा ती खिडकीजवळ उशीला टेकून बसली होती, डोक्याला सुती रुमाल बांधलेला, तिच्या घरच्या मागावरचा. धानाचं काय, बायकोचं काय, असं विचारून झालं. मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, काठीपासून दुपट्ट्यापर्यंत. तिनं मान माझ्याकडे वळवली. म्हणाली, "काहून सांगतलं नाई तवा?"

"तुझं काम बिघडू नये म्हणून."

"खोटं नको बोलू. तुयी इज्जत जाऊ नये म्हनून."

मी हो म्हणालो. खरंच तसंच होतं. ती चिडली होती, आणि चिडायचीही ताकद नव्हती, म्हणून शब्द थांबत थांबत येत होते. "अरे रमेश… मले तीच तर पाहिजे होती. तुया बाकीच्या म्हशी मोजून मले काय भेटलं? एकदा मारलेलं जनावर किती वर्षं भेते, कधी इसरते, का इसरतच नाई, हे मले कोन सांगनार होतं? ती सांगनार होती. आन् तिलेच तू लपवलं." मग तिनं उशाचा फोन मागितला आणि माझ्यासमोर अश्विनीला लावला. "आसगावचा कोठा काढून टाक. सगळे आकडे पुन्हा मांड," म्हणाली. पलीकडून अश्विनीनं कारण विचारलं असावं. "मालकानं स्वतः सांगतलं म्हनून," कुंदा म्हणाली. मी फसवलं असं सांगून ती मला लाजवू शकली असती. तिनं त्याच वाक्यात माझी थोडी लाज राखली. तिच्याबद्दलची कृतज्ञता मोजायला बसलो तर हेच सगळ्यात आधी आठवतं.

मी म्हणालो, "कुंदा, मला माफ…" तिनं पुरं होऊ दिलं नाही. "मले कायले मागतो? मायं चुकलेलं दुरुस्त होऊन जाईन. हाय का ती अजून?"

"आहे."

"जवळ येते?"

"नाही."

"मंग तिच्याकडं जा. रोज जा. ढेप नको नेऊ, रमेश. ढेप नेली तर ती ढेपेकडं येईन. रिकामा हात ने." आणि तिनं सलाइन लावलेला हात उचलून, तळवा खाली करून, मला पुन्हा एकदा दाखवला… जसा काही मी तो कधी पाहिलाच नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अश्विनीचा फोन आला. मी तेव्हा कोठ्यातच होतो.

शोकसभेहून परतलो त्या दिवशी मी भुरीला सांदवाडीतून आणून तिच्या जागी, कोपऱ्यातल्या खुंट्याला बांधलं. तेव्हापासून रोज सकाळी दूध काढण्याआधी तिच्यासमोर जातो. नजर खाली, हात पुढे, तळवा खाली. सुरुवातीला मी दारात पाऊल टाकलं तरी ती मागे सरायची. मग थांबायचं, उभं राहायचं, परत फिरायचं. कुंदाची ती चाल आता माझ्या अंगात इतकी बसली आहे, की घरातही मी तसाच चालतो असं बायको म्हणते. ती कोठ्याच्या दारात येऊन उभी राहते, आता थट्टा करत नाही.

परवा सकाळी भुरीनं मान फिरवली नाही. मागचा पाय उचलला, पुन्हा तिथेच टेकला. दावं सैल होतं, तिला जाता आलं असतं. मी होतो तिथे थांबलो. तिच्या नाकातून गरम वाफ येत होती, ती माझ्या बोटांना लागली. मग तिनं हात हुंगला. त्यात काही नव्हतं. तरी ती तिथेच राहिली.

"चुकलो भुरे," मी म्हणालो. "मी तुले मारलं."