जंतूंची कुळं सांगणारे काका

अख्ख्या नेरूळमध्ये आमच्या तळमजल्यावरच्या काकांइतका जंतूंचा आदर करणारा दुसरा माणूस सापडणार नाही. पावण्याजवळच्या एका प्रयोगशाळेत ते क्षयाच्या जंतूंचा जनुकीय आराखडा वाचतात; त्यावरून कुठला जंतू कुठल्या घराण्यातला ते कळतं. लिफ्टमध्ये कुणी खोकलं की बाकीचे तोंड फिरवतात, काका पुढे सरकून विचारतात, “किती दिवस झाले? घरात आणखी कुणाला?” पुतणीच्या लग्नात वरपक्ष आपलं कुळ सांगत बसला, तेव्हा हे म्हणाले, “जंतूंचं बरं असतं, थापा मारत नाहीत.” त्यांना मठ्ठासुद्धा कुणी वाढला नाही.

मग आमच्या चेअरमनच्या मुलीला क्षय झाला आणि त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या सारसोळ्याच्या हिराबाईंनाही. बाईंनीच रोग आणला, असा निवाडा कमिटीने पाच मिनिटांत केला आणि त्यांना गेटवर अडवलं. काकांनी दोन्हीकडची परवानगी घेऊन नमुने ताडून पाहिले आणि मीटिंगमध्ये उभे राहिले. “दोन्ही जंतू सगोत्र सोडा, लांबच्या नात्यातलेही नाहीत. हिराबाईंकडून मुलीला काही आलेलं नाही.”

“ते ठीक हो काका,” चेअरमन म्हणाले. “पण बाईला आहे ना? रिस्क कशाला?”

“तुमच्या मुलीलाही आहे.”

“ती आमची आहे.”

टाळ्या पडल्या नाहीत, एवढंच.

मुलीच्या जंतूचा सख्खा भाऊ आमच्याच इमारतीतल्या दुसऱ्या एकाच्या नमुन्यात सापडला होता, हे रागाच्या भरात काका माझ्यापाशी बोलून गेले. मी लगेच पत्रक लिहिलं, फक्त नावाची जागा मोकळी ठेवली.

“नाव सांगा, काका!”

“त्याची औषधं चालू आहेत. नाव सांगितलं तर उद्या त्याला अडवतील.”

“अडवू देत की! कळू दे यांना!”

“तुला न्याय नकोय रे. तुला दुसरी हिराबाई हवीय.”

मी त्यांना भेकड म्हणालो. महिनाभर बोललो नाही.

हिराबाईंचा शेवटचा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा तो द्यायला काका सारसोळ्याला निघाले. मी न विचारता मागोमाग गेलो. बाई ओट्यावर सुकट निवडत होत्या. कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिला. “बरी झाली मी, काका. पन मना आता वर कोन घेनार?”

काकांनी चष्मा पुसला. “माझ्याकडे या. गेटवर मी येईन घ्यायला.”

आता रोज सकाळी ते गेटवर उभे असतात. कधी कधी मीही. एकट्या माणसाची दोन ताटं, एक पातेलं. हिराबाईंची सात घरं सुटली होती. एवढ्यावर त्यांचं भागत नाही, हे तिघांनाही ठाऊक आहे. भांडी मात्र त्या फार निगुतीनं घासतात, आणि तोवर काका प्रयोगशाळेत जायला निघत नाहीत.