मर्लचा तारा आणि चारचं दूध

मर्ल हॉजकिसशी मी उभा जन्म भांडत आले आहे, तेव्हा तिच्याबद्दल खरं बोलायचा हक्क माझाच. तारानाकीच्या डोंगराखाली तिच्या गाई, कुंपणापलीकडे मी. पहाटे दूध काढायचं, चारला पुन्हा काढायचं, आणि मधल्या वेळात क्लबच्या हिरवळीवर लॉन बोल्स खेळायचं, म्हणजे बोल नावाचे जड गोळे छोट्या पांढऱ्या चेंडूकडे घरंगळवायचे आणि सर्वांत जवळ थांबेल त्याचा गुण, हेच तिचं आयुष्य. बोल सोडताना ती इतकी सहज वाकते की शहरातल्या बायका विचारतात, कुठं शिकलीस? गाईच्या पोटाखाली, म्हणते. त्यात हसण्यासारखं काय, हेही तिला कळत नाही.

आमच्याकडे विभागाचं अजिंक्यपद पाच वेळा मिळवलं की कोटावर लावायला सोन्याचा तारा देतात. मर्लची चार झाली आणि गाडी तिथंच अडली. किती वर्षं अंतिम फेरीत यायची आणि हात हलवत घरी जायची. त्यात खुबा दुखायला लागला. आता नाही तर कधीच नाही, असं ती एकदाच बोलली, तेही गाईपाशी. मी कुंपणाआडून ऐकलं.

या मार्चमध्ये अंतिम सामना नेमका माझ्याशी आला. सकाळचा खेळ पावसानं दुपारवर ढकलला. तिचा नवरा डेस हाताला प्लास्टर घालून बाकावर बसलेला. दूध काढायला दुसरं कोणी नाही. सामना एकवीस गुणांचा. दोघी अठरावर आलो आणि चार वाजत आले. तिची नजर सारखी रस्त्याकडे. शेवटी तिनं बोल पुसायचं फडकं खिशात कोंबलं आणि माझ्यापुढे हात केला.

"जिंकलीस तू. माझ्या गाई फाटकाशी उभ्या असतील."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "गाईंनी जिंकून दिलेला कप मला नको. मुकाट्यानं खेळ."

"मग दूध काय तुझा बाप काढणार?"

बाप नाही, पण माझा नवरा कॉलिन उठला. आम्ही गाई विकल्या तरी चार वाजले की त्याचे हात शिवशिवतात. लाथ मारणारी गाय दाखवायला डेस मागोमाग निघाला. मग क्लबचे अध्यक्ष, तेही पांढऱ्याशुभ्र पॅंटमध्ये. चहावाल्या बायकांनीसुद्धा चहासोबतचे स्कोनचे गोड पाव रुमालात बांधले आणि गाडीत बसल्या. बघता बघता बाक ओस पडले. उरलो आम्ही दोघी आणि पंच.

मग मर्ल जी खेळायला लागली, विचारू नका. वीस-वीस झाले. शेवटचा बोल माझा. आमचा बोल एका अंगाला जड असतो आणि त्याच अंगाला वळतो. तो हातात उलटा धरला तर भलतीकडेच जातो. ही नवशिक्यांची चूक. अशांना मी आयुष्यभर हसले, आणि त्या दिवशी तीच चूक मी केली. माझा बोल मधल्या पांढऱ्या चेंडूकडे पाठ फिरवून थेट शेजारच्या पट्टीत गेला. पंचानं सभ्यपणे आभाळाकडे पाहिलं. मर्लचा बोल पांढऱ्या चेंडूला खेटून होता. टाळ्या वाजवायला मी एकटीच. मी जोरात वाजवल्या.

मर्ल जागची हलेना. "मुद्दाम टाकलास ना?" भीक म्हणून मिळालेला तारा ती घेणार नाही, हे मला पक्कं ठाऊक.

"तुझ्यासाठी मी मुद्दाम हरेन? तोंड बघ आरशात. कॉलिन घाईत गाईंचे सड पुसायला विसरतो, तेच डोक्यात घोळत होतं."

तिनं खिशातलं फडकं काढून बोल पुसला. मग हळूच म्हणाली की शेवटी शेवटी तिला गाईंची आठवणही राहिली नव्हती. लाजली बया, या वयात.

आम्ही मर्लच्या गोठ्यावर पोचलो तेव्हा अध्यक्ष गुडघ्यापर्यंत शेणानं माखले होते आणि कॉलिन त्यांच्यावर खेकसत होता. कोण जिंकलं, हे विचारायचंही कोणाला सुचलं नाही. मर्लनं खुंटीवरचा एप्रन काढला. मला वाटलं, स्वतः घालेल. तिनं तो माझ्या गळ्यात अडकवला.

"चार वाजले की खिडकीत उभी राहून माझ्या गाई बघतेस. मला काय दिसत नाही? रोज येत जा."

मी एप्रनची गाठ मारली आणि समोरच्या गाईला हात लावला. कासेची ऊब लागली तसे माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, शेणाचा वास फार आहे गं तुझ्याकडे.