भेगेखालचं माहेर

दाराची कडी वाजली तेव्हा मंगलची भाकरी तव्यावर होती, चुलीवर दूध वर यायला लागलं होतं, आणि बाहेर नळाखालचा हंडा भरून वाहत होता. तिनं कपाळाला हात लावला. हात पिठाचा, त्यामुळे कपाळावर पांढरा पट्टा उमटला.

वाडीत कडी कुणी वाजवत नाही. ज्याला यायचं तो अंगणातून हाक मारतो, आणि ओ द्यायच्या आत स्वतःच ओसरीवर येऊन बसतो. तोरण्याच्या अंगाला असलेल्या या वाडीत कडी वाजवणारी माणसं एकाच जातकुळीची. पायात जाड बूट, पाठीवर पिशवी, डोक्यावर टोपी, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, ‘ताई, जरा बोलायचं होतं.’

“आली युनिवर्सिटी,” मंगल तव्याकडे बघत म्हणाली आणि भाकरी उलटायला विसरली.

चार पावसाळ्यांमागे घरामागच्या डोंगराला भेग पडली. आधी वाटलं, उन्हानं भुई उलते तशी उलली असेल. पण दिवाळीपर्यंत तिच्यात पोराचा पाय जाईल एवढी ती रुंद झाली. तलाठी आले, तहसील कचेरीतनं साहेब आले, फोटो काढून वेल्ह्याला परत गेले. त्यानंतर आली ती कॉलेजं आणि विद्यापीठं. एकांनी माती पिशव्यांत भरून नेली. एकांनी वरनं फोटो काढणारं भिरभिरं उडवलं, तर मंगलच्या कोंबड्यांनी दोन दिवस अंडी दिली नाहीत. एक चुणचुणीत मुलगी येऊन ओसरीवर बसली आणि विचारू लागली, “ताई, दरडीची भीती किती वाटते? एक ते पाचमध्ये सांगा.”

“दिसा एक, पाऊस लागला की पाच,” मंगल म्हणाली होती. “मधलं काय ल्ह्यायचं ते तुमी ल्हा.”

मुलीनं तीन लिहिलं.

एका सरांनी तर भेगेजवळ उभं करून मंगलचा फोटो काढला आणि तो कुठल्याशा परदेशातल्या परिषदेत भिंतीवर लावला. पुढच्या खेपेला मोठ्या कौतुकानं त्यांनी मोबाईलवर दाखवला. मंगल स्वतः स्वारगेटच्या पलीकडे कधी गेली नव्हती. फोटोतल्या आपल्या फाटक्या चपलेकडे बघून ती एवढंच म्हणाली, “आधी सांगितलं असतं तर चांगली तरी घातली असती.”

आल्या माणसाला चहा न देता लावून देणं तिला कधी जमलं नाही. भाटघरच्या धरणाकाठचं तिचं माहेर. तिथं आईनं हेच शिकवलेलं. सातवीनंतर शाळा सुटली, एकोणिसाव्या वर्षी या वाडीत आली, सासूची दुखणी काढली, बचत गट चालवला, नूतनला बारावीपर्यंत शिकवून नसरापूरला दिली. नवरा अमृत हायवेवरच्या गोदामात कामाला, आठ दिवसांनी घरी येतो. घरचं सगळं मंगलवर. ते तिनं कुरकुर न करता ओढलं. पण या चार वर्षांत इतकी माणसं येऊन गेली, इतकं दूध चहात गेलं, आणि एकानंही उलट येऊन सांगितलं नाही की बाई, तुझा डोंगर खाली येणार आहे की नाही.

आजवर तिनं तेही सोडून दिलं होतं. यंदा मात्र सोडून चालण्यासारखं नव्हतं. नूतनला सातवा लागला होता. येत्या रविवारी ओटीभरण, आणि ते झालं की पहिलटकरणीला माहेरी आणायची. आखाडात दिवस भरणार. मंगलनं मागची खोली सारवून ठेवली होती, बाज टाकली होती, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली होती. मागची खोली म्हणजे डोंगराकडची. घरात दुसरी खोलीच नव्हती.

काल रात्री विहीणबाई फुलाबाईंचा फोन आला. बोलणं गोड, पण आत सुपारीचं खांड असावं तसं.

“मंगलबाई, तुमच्या डोंगराचं लई ऐकतोय आमी. पोरीला हितंच ठिवू का? उगी कशाला जिवाला घोर?”

फोन मग नूतननं घेतला आणि हळूच म्हणाली, “आई, मला तिकडंच यायचंय. तू काय ते ठरीव.”

काय ठरवायचं, हेच मंगलला कळत नव्हतं. विहीणबाईंना रागवावं तर त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. ऐकावं, तर लेक जन्मभर म्हणेल की मला पहिल्या खेपेला आईनं नेलं नाही.

तिनं करपलेली भाकरी कोंबड्यांना टाकली आणि दार उघडलं. दारात माधुरी मॅडम होत्या. त्यातल्या त्यात ही बाई बरी. दरवर्षी यायच्या, नावानं बोलायच्या, कप स्वतः विसळून ठेवायच्या. त्यांच्याबरोबर सम्राट नावाचा विद्यार्थी, डॉक्टरकीचा अभ्यास करणारा. पण दगडमातीची डॉक्टरकी. यांनीच भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी मेखा ठोकल्या होत्या, समोरासमोर, जोडीजोडीनं. जोडीतलं अंतर वाढलं, की डोंगर सरकला असा हिशेब.

“मंगलताई, मोजून येतो, मग निवांत बोलू,” मॅडम म्हणाल्या.

“मागल्या साली बी निवांतच म्हणाला व्हता,” मंगल म्हणाली. “त्यापरीस मीच येते वर.”

वर आंब्याच्या सावलीत सम्राटनं टेप लावला. लावला, पुन्हा लावला, आणि ओरडला, “मॅडम! ही जोडी बघा! हातभर वाढलंय!”

मॅडम धावल्याच. स्वतः मोजलं. त्यांचा चेहरा बघून मंगलला काय वाटावं ते कळेना. बाई घाबरली होती खरी, पण डोळ्यांत काहीतरी चमकतही होतं.

“एका वर्षात एवढं? सम्राट, फोटो घे. आज तहसीलदारांना कळवायला हवं. ताई, हे बघा, घाबरू नका, पण पावसाळ्यात तुम्हाला इथं राहता येणार नाही. कदाचित आत्ताच…”

सारवलेली खोली, बाज, दुपटी, सगळं एकदम मंगलच्या डोळ्यांपुढं आलं. फुलाबाईंना फोन करायचा, आणि कुठल्या तोंडानं? पण मन एकीकडे हलकंही झालं. निदान कुणी काही सांगितलं तरी.

तेवढ्यात खालून तिचा धाकटा दीर गेनबा भुरी म्हैस हाकत वर आला. जमलेली माणसं बघून थबकला.

“वयनी, ही मंडळी आपल्या म्हशीच्या मेखंला काय करत्यात?”

सम्राटनं मेखेकडे बघितलं, मग म्हशीकडे.

“म्हशीच्या?” सम्राट म्हणाला.

“मंग कुणाच्या? सावली हाय, वारा हाय, लोखंडी मेख आयती गावली. पर ही भुरी लई वढाळ. मागं तिनं मेखच उपटली.”

“मग?” मॅडमनी विचारलं.

“मंग काय, म्या पुन्यांदा ठोकली. तितली भुई भुसभुशीत झालती, म्हनून भेगंपासनं जरा अलीकडं सरकून. चांगली घट ठोकलीय मॅडम, आता हत्ती बांधला तरी न्हाई निघायची.” तो शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

सम्राटनं टेप सोडून दिला. टेप सरसर आपल्या डबीत शिरला.

“भावजी,” मंगल दात आवळून म्हणाली, “हितं पाटी लावली व्हती, हात लावू नये म्हणून. दिसली न्हाई?”

“दिसली की. पर ती विंग्रजीत. म्या म्हनलं, ती दुसऱ्या कुणासाठी आसंल.”

मंगलला धड हसू येईना, धड रडू. दिराचा राग आला, पाटीचा आला, आणि म्हशीचाही. मघाशी मॅडमनी एका क्षणात तिचं घर रिकामं केलं होतं, आणि आता गेनबानं तितक्याच क्षणात तिला पुन्हा घरात आणून बसवलं होतं. ती मात्र जिथं होती तिथंच होती.

“आन बाकीच्या जोड्या?” तिनं विचारलं. “तिथं म्हैस न्हाई बांधली कुणी.”

सम्राटनं बाकीच्या सगळ्या मोजल्या. मॅडमनी आकडे बघितले, पुन्हा बघितले.

“थोडा फरक आहे.”

“थोडा म्हंजी?”

“म्हणजे, हालचाल आहे असं वाटतंय. पण अजून काही वर्षं मोजल्याशिवाय ठामपणे नाही सांगता येत, ताई. एक जोडी तर अशी वाया गेली. शिवाय राहायचं की हलायचं हे प्रशासनानं सांगायचं असतं. आम्ही निष्कर्ष लिहू, तो छापून येईल, मग…”

“कशात छापून यील?”

“इंग्रजी मासिकात.”

“पाटीसारखंच की वो मग,” गेनबा मधेच म्हणाला.

“तुमी गप बसा, भावजी! म्हैस खाली न्या ती आधी!”

मंगल इतक्या जोरात ओरडली की म्हैसच दोन पावलं मागं सरली. तिनं पदर खोचला आणि मॅडमच्या समोर येऊन उभी राहिली.

“मॅडम, तुमी वाईट न्हाई. तुमचं काम मोठं असंल, मला त्यातलं कळत न्हाई. माती न्या, फोटो काढा, आनखी मेखा ठोका, मी राखन करीन, चहा बी करीन. चार वर्सं मी कुणाला काय मागितलं न्हाई.”

“ताई, पण खात्री नसताना मी कसं सांगू? उद्या माझं चुकलं तर?”

“चुकलं तर मी तुमच्या दारात भांडायला यायची न्हाई. खात्री मलाबी नको. इतक्या साली मोजून तुमच्या मनाला जे वाटतंय, तेच पायजे. तेवढं बी मला सांगणारं दुसरं कुणी न्हाई.”

मॅडमनी टोपी काढून हातात घेतली. सम्राट उगाचच टेपशी चाळा करू लागला.

“रविवारी ओटीभरण हाय. विहीणबाईंना आज सांजंला फोन करायचाय,” मंगल म्हणाली. “आखाडात माझ्या नूतनला बाळंतपणाला हितं आणू का नको, एवढं मला जायच्या आधी सांगून जा.”